सातवी पिढी

कोर्ट नाक्यावर टायपिंग करणाऱ्या दमयंती कारखानीस
कापडी पिशवी घेऊन आल्या,
वर कोथिंबीर, खाली लॅपटॉप.
म्हणाल्या, रोज सकाळी हा काय निरोप येतोय, बघ.

बघितलं. निरोप सभ्य होता:
आपला प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे,
यापुढचं आपल्याला मिळणार नाही.
आठवीपासूनचे आत.

म्हणजे बिघडलंय काय?
काही नाही.
मग?
जन्म एक वर्ष आधीचा.

त्या हसल्या. आमच्यात म्हणायचे,
सात पिढ्या बसून खातील.
ही बया तर एक दिवस बसली नाही.

जांभळी नाक्यामागे माझं दुकान,
दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं.
मी स्क्रू काढले. अकरा निघाले,
बारावा आधीच्या कुणी कारागिरानं खाल्लेला.
पंख्यात पंचिंग मशीनच्या पांढऱ्या टिकल्या,
एक लांब केस,
आणि शिक्क्याची जांभळी शाई, ती आत कशी गेली देव जाणे.
तांब्याच्या नळीखालची पेस्ट
पानाच्या डब्यातल्या जुन्या चुन्यासारखी
कडक.

ती खरवडली, तेव्हा तो दिसला.
अंगठ्याच्या नखाएवढा, काळसर, गुळगुळीत,
त्यात छताची ट्यूब, माझं नाक,
आणि वाकून बघणाऱ्या दमयंतीबाई.
शेजारी त्याचा धाकटा तुकडा.
नावाच्या शेवटी यू, पोटात दोन गाभे,
जिन्यातल्या दिव्याएवढी वीज खाऊन
नऊ वर्षं.

एवढासा? मला वाटलं होतं, आत काहीतरी मोठं असेल.
हा काढून आठवीचा बसव की.
बसत नाही बाई. याच्या पोटाखाली
कथलाचे तेराशे छप्पन्न मणी आहेत,
बोर्डाला वितळून चिकटलेले.
ओढला तर बोर्डही जाईल.
म्हणजे सातफेऱ्यांचं आहे, त्या म्हणाल्या,
आणि स्टुलावर टेकल्या.

मग सांगत राहिल्या, मी साफ करत होतो तोवर.
वारसांची प्रतिज्ञापत्रं किती केली असतील यावर.
मयताचे नाव, मयताची पत्नी, मुलगे दोन, मुलगी एक,
सदर मुलगी लिहून देते की तिला हिस्सा नको.
ती ओळ टाइप करताना मी दर वेळी
मुलीकडे बघते. एकदा एकीनं हात धरला माझा,
म्हणाली, थांबा.
थांबले. बाहेर तिचे भाऊ चहा पीत होते.
तो कागद अजून यात आहे, अर्धाच.

मी काही बोललो नाही.
तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली मध्यभागी.

म्हणाल्या, हिच्या नावाआधी मयत लावायचं का आता?
नको. चालेल ती. फक्त वरून काही येणार नाही,
कुणी विचारपूस करणार नाही.
फुकटातली दुसरी सिस्टिम आहे, ती पिढी विचारत नाही.
टाकून देऊ?

टाक. पण ळ हलता कामा नये.

रात्री साडेआठला ती सिस्टिम चढली.
आधी ब्याण्णव अंशांवर जायची, आता अठ्ठावन्न.
ब्याण्णव? माणूस मेलं असतं.
बाईंनी चष्मा वर सरकवला, बोटं ठेवली.
अक्षरं पुसून गेलेल्या त्या कळांवर
न बघता लिहिलं: वंशावळ.

ळ होता जागेवर.

मग तो अर्धा कागद उघडून बघितला,
शेवटची ओळ वाचली,
बंद केला.

साडेसातशे झाले. सातशे दिले,
पन्नास उद्या म्हणाल्या,
आणि कोथिंबीर विसरून गेल्या.